दोन बोटं फट

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, की घरातल्या सगळ्या बिघडलेल्या वस्तूंनाही आपल्याकडे आपोआप ॲडमिशन मिळते. आजीचा मिक्सर, शेजारच्या काकूंची इस्त्री, मळ्यातली मोटर... आणि सगळ्यांचं वाक्य एकच, "तू इंजिनिअर ना, मग बघ की जरा!" थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात मिक्सर येत नाही, हे त्यांना कोण सांगणार? पण या वेळी दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे आलेली वस्तू बिघडलेली नव्हती. कोरी करकरीत, खोक्यातली, परदेशातली. तिच्याबद्दल मला विचारलेला प्रश्न फक्त 'ही लावायची कशी?' एवढाच होता. त्याचं उत्तर शोधताना जे हाती लागलं, ते आपल्या हॉस्टेलच्या आणि क्वार्टर्सच्या मंडळींच्या रोजच्या कामाचं निघालं, म्हणून हा लेख.

एक विनंती आधीच करते. माझं शिक्षण साताऱ्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरात बोलायची आणि शाळेत पास व्हायची भाषा होती. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापू नका. गणित चुकलं असेल तर खुशाल कापा!

तर गोष्ट माझ्या मामांची. मामा साताऱ्यात राहतात. वीसेक वर्षं त्यांनी टुरिस्टची गाडी चालवली. कास, ठोसेघर, महाबळेश्वर, प्रतापगड हे त्यांना तळहातासारखं पाठ. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून मामांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. घरासारखी गाडी करायची! शेवटी त्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली. कर्ज काढलं. सीट काढून आत दोन पलंग, एक घडीचं टेबल, छोटा ओटा, कपाट असं सगळं सुताराकडून करून घेतलं. कागदपत्रं, परवाने यात वर्ष गेलं. मामांना सगळ्यात जास्त अभिमान होता तो 'पॅकिंग'चा. पत्र्याला आतून थर्माकोल, त्यावर प्लाय, प्रत्येक खिडकीला नवं रबर, आणि जिथे म्हणून उजेड दिसेल तिथे सिलिकॉन. "मुंगी आत आली तर मला सांग," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

अडचण एकच होती, थंडी. आपल्याला सांगलीत स्वेटर फार तर पंधरा दिवस लागतो. पण डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात दवबिंदू गोठतात, त्याचे फोटो पेपरात येतात आणि ते बघून पर्यटक आणखी जोरात येतात. नाताळच्या आठवड्यात मामांचं पहिलं बुकिंग होतं. पुण्याचं कुटुंब, आई-वडील आणि दोन लहान मुलं. गाडीत रात्री ऊब तर पाहिजे. मामांच्या एका मित्राचा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे गाडीमागे जोडायच्या छोट्या घरांमध्ये, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, गॅसचे हीटर वापरतात. त्यानं येताना एक आणला. 'कॅटॅलिटिक हीटर'. बरोबर बारीक अक्षरातलं चाळीस पानी इंग्लिश पुस्तक. मामांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू कॉन्व्हेंटची, तूच वाच. मला फक्त नळी कुठं लावायची तेवढं सांग."

मी वाचलं. नळी कुठे लावायची ते अर्ध्या पानात होतं. उरलेल्या पानांत वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा तेच होतं. हवा खेळती ठेवा, आणि लावून झोपू नका. मामांना हे सांगितलं तर ते हसले. "अगं, कंपनीवाले स्वतःची मान सोडवायला लिहितात तसं. याला जाळच नाही. बघ, साधी ज्योतसुद्धा दिसत नाही."

आणि हे खरं होतं. ज्योत नव्हतीच. हीच या हीटरची गंमत आणि हाच त्याचा धोका.

थोडं आत शिरून बघू. १८१७ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाला (खाणकामगारांचा सुरक्षा-दिवा करणारा तोच) असं दिसलं, की ज्वलनशील वायू आणि हवेच्या मिश्रणात गरम प्लॅटिनमची तार धरली, तर ज्योत नसतानाही तार लालबुंद राहते. वायू जळतो, पण तारेच्या पृष्ठभागावर. प्लॅटिनम स्वतः संपत नाही, फक्त लग्न लावून देतं! म्हणजे कॅटॅलिस्ट. आपल्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये असतो तोच प्रकार. कॅटॅलिटिक हीटरमध्ये चटईसारखा जाड तंतूंचा पॅड असतो, त्यावर प्लॅटिनमसारख्या धातूचा अगदी पातळ थर. मागून गॅस येतो, पुढून हवा येते आणि पॅडच्या पृष्ठभागावर दोघांची गाठ पडते. तापमान ज्योतीपेक्षा बरंच कमी, त्यामुळे भडका नाही, आवाज नाही, समोर बसलं की उन्हात बसल्यासारखं वाटतं. चांगल्या स्थितीतला हीटर कार्बन मोनॉक्साइडही फार थोडा सोडतो. एवढं सगळं चांगलंच आहे.

पण ज्योत नाही म्हणजे ज्वलन नाही, असं डोळ्यांना वाटतं. केमिस्ट्रीला तसं वाटत नाही. प्रोपेनचा एक रेणू जळायला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात, मग तो शेगडीत जळो की प्लॅटिनमवर. वजनात बघायचं तर १ ग्रॅम प्रोपेनला ३.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि त्यातून ३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १.६ ग्रॅम पाण्याची वाफ बाहेर पडते. या हीटरला धुराडं नसतं. म्हणजे ऑक्सिजन घेतला जातो खोलीतला आणि उरलेलं सगळं परत खोलीतच!

सुट्टी संपवून सांगलीला आले, पण मामांचं हसणं डोक्यातून जाईना. एका रात्री मेसच्या बिलाच्या मागे मी आणि माझ्या रूममेटनं हिशोब मांडला. हीटर दीड किलोवॅटचा. म्हणजे ताशी साधारण ११७ ग्रॅम गॅस. म्हणजे ताशी सव्वाचारशे ग्रॅम ऑक्सिजन. आता गाडी. आतली जागा ११ घनमीटर, पलंग, कपाट वजा केलं तर ९. पाचगणी-महाबळेश्वर तेराशे मीटर उंचीवर, तिथली हवा थोडी विरळ. तेवढ्या हवेत ऑक्सिजन असतो २.१ किलो. मोकळ्या हवेत ऑक्सिजन जवळपास २१ टक्के असतो. तो १८ टक्क्यांवर आणायला त्यातला ३०० ग्रॅम संपवला की पुरे. म्हणजे गाडी खरंच मामा म्हणतात तशी मुंगीबंद असेल, तर पाऊण तासाच्या आत! झोपलेल्या चार माणसांचा श्वास तर यात धरलेलाच नाही. काही हीटरना ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की गॅस बंद करणारा सेन्सर असतो. मामांच्या हीटरला तो नव्हता.

रूममेट म्हणाली, "उत्तर चुकलं असणार. परत कर." परत केलं. तेच आलं. मग आम्ही दोघी गप्प बसलो.

पुढच्या शनिवारी एसटीनं सातारा गाठलं. मामा जरा वैतागलेले होते. हीटर त्यांनी आधीच एका संध्याकाळी लावून बघितला होता, आणि तासाभरात छताच्या पत्र्याच्या पट्टीवर आणि काचांवर आतून पाण्याचे थेंब! "एवढं पॅकिंग करून गाडी गळतीय बघ. पाऊस नाही, पाणी नाही, आलं कुठून? परत सगळीकडे सिलिकॉन मारला."

ते पाणी बाहेरून आलंच नव्हतं. ते गॅसमधून आलं होतं! ताशी ११७ ग्रॅम गॅस जळतो तेव्हा ताशी १९० ग्रॅम पाणी तयार होतं. फुलपात्रभर. ते वाफ होऊन हवेत जातं आणि गार पत्र्याला लागलं की थेंब. ते थेंब म्हणजे गाडीनं मामांना लिहिलेली चिठ्ठी होती, की आतली हवा बाहेर जात नाहीये. आणि मामांनी उत्तर म्हणून उरलेल्या फटी बुजवल्या. भरीत भर म्हणजे सिलिकॉनची वाफ कॅटॅलिस्टला चांगली नाही. प्लॅटिनमवर तिचा थर बसतो आणि पॅड 'मरतो', म्हणजे गॅस अर्धवट जळायला लागतो.

मामांचे मुद्दे मी प्रामाणिकपणे इथे मांडते, कारण हे मुद्दे आपणही कधी ना कधी मांडतो. पहिला मुद्दा, "गॅसचा वास आला की कळेलच." एलपीजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. पण हा वास न जळलेल्या गॅसचा. जळलेल्या गॅसला तो नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर ना वास, ना रंग, ना चव. दुसरा मुद्दा, "मेणबत्ती लावून ठेवतो. विझली की उठायचं." मेणबत्ती ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास गेला की विझते. तोवर झोपलेल्या माणसाचं डोकं धड चालत नसतं, आणि मोनॉक्साइड तर मेणबत्ती मजेत जळत असतानाही जीव घेऊ शकतो. वर गॅस गळत असेल तर मेणबत्तीइतकी वाईट सोबत दुसरी नाही.

तिसरा मुद्दा मात्र मला निरुत्तर करणारा होता. "ऊसतोडीची माणसं कोपीत चूल पेटवतात. लहान लहान लेकरं असतात आत. त्यांना काय होत नाही ते?"

सांगली-सातारा भागात कारखाने सुरू झाले, की ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या आपण सगळेच बघतो. पाचट आणि बांबूची भिंत, दाराला गोणपाट. मी परत येताना एसटीच्या खिडकीतून त्या कोप्या बघत आले आणि उत्तर तिथेच सापडलं. कोपीच्या भिंतीतून वारा आरपार जातो. तिथे धुरानं डोळे चुरचुरतात, छाती भरते, आयुष्यभराचा खोकला लागतो. ते चांगलं आहे असं अजिबात नाही. पण तिथे हवा सतत बदलते. मामांच्या गाडीत मामांनी कर्ज काढून, महिने घालवून नेमकी तीच गोष्ट बंद केली होती. काम जितकं चोख, तितका धोका जास्त. हे मामांना सांगणं सगळ्यात अवघड होतं, कारण त्यात त्यांच्या हातच्या कामाला नावं ठेवल्यासारखं होत होतं.

आमच्या आजीला मात्र हे गणित न करता माहीत होतं. बाळंतिणीच्या खोलीत शेकाला शेगडी ठेवतात. ती कोळसे बाहेर अंगणात फुलवायची, शेक झाला की शेगडी उचलून बाहेर न्यायची आणि दार पूर्ण लावू द्यायची नाही. "दोन बोटं फट असू द्या गं." आम्हाला वाटायचं, आजीची काहीतरी श्रद्धा असेल.

आता थोडं कार्बन मोनॉक्साइडबद्दल. ऑक्सिजन पुरेसा नसला, पॅड खराब झाला, किंवा प्रोपेनसाठी बनवलेला हीटर दुसऱ्याच गॅसवर चालवला, की ज्वलन अर्धवट होतं आणि हा वायू तयार होतो. (आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. त्याच जेटमधून ब्युटेन गेला तर त्याला हवा जास्त लागते. म्हणून बाहेरचा हीटर आपल्या सिलिंडरला नुसती नळी लावून जोडायचा नसतो. जेट आणि रेग्युलेटरचा दाब जाणकाराकडून तपासून घ्यायचा असतो.) रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. हवेत त्याचं प्रमाण ८०० पीपीएम असेल, तर पाऊण तासात डोकेदुखी, मळमळ आणि दोन तासांत शुद्ध हरपते.

आणि इथे आपल्या भागातली एक खास अडचण आहे. पसरणी घाट चढून पाचगणीला आलेल्या माणसाला संध्याकाळी डोकं दुखलं, मळमळलं, गरगरलं तर घरचे काय म्हणतात? "गाडी लागली असेल. आल्याचा तुकडा चघळ आणि पड जरा." खिडक्या लावा, पांघरूण घाला, झोपू द्या! लक्षणं अगदी तीच, आणि उपाय मात्र नेमका मारणारा.

हे सगळं पुस्तकी आहे, असं वाटत असेल तर तीन खऱ्या घटना सांगते. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळच्या आठ पर्यटकांचा एका खोलीत मृत्यू झाला. त्यांत चार मुलं होती. थंडी म्हणून गॅस हीटर लावला होता, दारं-खिडक्या आतून बंद होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये जॉर्जिया देशातल्या गुदौरी या बर्फाच्या गावी एका भारतीय रेस्टॉरंटच्या वरच्या खोल्यांत बारा माणसं मृत सापडली, त्यांतले अकरा भारतीय, तिथेच काम करणारे. बंद जागेत जनरेटर लावला होता. आणि त्याच महिन्यात केरळमध्ये वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन कर्मचारी मृत सापडले. तपासासाठी कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी त्याच गाडीत तोच जनरेटर चालवून मोजमाप केलं. दोन तासांत आतला कार्बन मोनॉक्साइड नऊशे पीपीएमच्या वर गेला होता. तो गाडीच्या तळाच्या भोकातून आत शिरला होता. म्हणजे नुसती फट असून भागत नाही. ती कुठे आहे आणि तिच्यातून काय येतं, तेही बघावं लागतं.

ही तिसरी घटना सांगितली तेव्हा मामा पहिल्यांदा गप्प झाले. गाडी बघितल्यावर गाडीवाल्याला कळतं. पण तरी त्यांचा शेवटचा मुद्दा उरलाच होता. "बरं, ठेवली फट. मग ऊब राहील का? गॅस जाळून घाट तापवायचा का मी?"

हा प्रश्न मात्र आपल्या हीट ट्रान्सफरच्या पेपरातला! ऑक्सिजन २० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नसेल तर या हीटरला ताशी साधारण ४० घनमीटर ताजी हवा लागते. म्हणजे वजनानं ४२ किलो. बाहेर ८ अंश, आत २० अंश धरले, तर ती हवा १२ अंशांनी तापवायला ताशी ५०० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. म्हणजे सुमारे १४० वॅट. हीटर १,५०० वॅटचा! फटीतून जाणारी ऊब दहा टक्केसुद्धा नाही. मित्रांनो, मी हे उत्तर चार वेळा तपासलं. खिडकी उघडी ठेवायला आपण घाबरतो ते फक्त या दहा टक्क्यांसाठी.

तरी मामा आकड्यांवर विश्वास ठेवणारे नाहीत. ते डोळ्यांवर ठेवणारे. म्हणून आम्ही प्रयोग केला. मामांचे एक ओळखीचे साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत सेफ्टीचं काम बघतात. टाकीत माणूस उतरवण्याआधी आतली हवा तपासायचं एक हातात मावणारं यंत्र असतं. ऑक्सिजन, मोनॉक्साइड, सगळं दाखवतं. ते स्वतः यंत्र घेऊन आले. दारात गाडी उभी. आत हीटर पूर्ण चालू, माणूस कोणीही नाही, यंत्र पुढच्या काचेतून दिसेल असं टांगलेलं. सगळ्या खिडक्या बंद. बाहेर थंडीत आम्ही: मामा, मामी, मी, आणि गल्लीतले एक निवृत्त सुभेदार काका, जे अशा वेळी बोलवावे लागत नाहीत.

२०.९. मग २०.७. मग २०.४. मामी म्हणाली, "किती हळू उतरतंय की." पंधरा मिनिटांनी २०.१. कोणी काही बोलत नव्हतं. सव्वीसाव्या मिनिटाला १९.५ आलं आणि यंत्र किंचाळायला लागलं. त्याची धोक्याची खूण तीच. काचेवर आतून थेंब ओघळत होते. मामा काचेला नाक लावून उभे होते आणि आत त्या पलंगाकडे बघत होते, जिथे ती दोन मुलं झोपणार होती.

मग बाहेरून गॅस बंद करून दारं उघडली, हवा पूर्ण बदलू दिली आणि दोन खिडक्या दोन-दोन बोटं उघड्या ठेवून, एक वरची, एक खालची, पुन्हा तोच प्रयोग. तासाभरानंतरही आकडा २०.१ वर स्थिर. आणि सुभेदार काकांनी दारातून हात आत घालून सांगितलं, "ऊब तर हाय की!"

तेच काका पुढे जे बोलले, त्याचं वजन माझ्या सगळ्या हिशोबापेक्षा जास्त पडलं. लडाखला ते बरीच वर्षं होते. तिथे बंकरमध्ये रॉकेलची बुखारी असते, तिला बाहेर काढलेलं धुराडं असतं. "एवढं धुराडं असून पण झोपायच्या आधी बुखारी बंद. उणे वीसला पण बंद. गोळीनं मरायला आलोय, झोपेत मरायला न्हाई, असं आमचे साहेब म्हणायचे."

मामांनी त्याच आठवड्यात काम सुरू केलं. गाडीला जमिनीलगत एक आणि छताजवळ एक अशा जाळ्या बसवल्या. त्यांना बंद करायची पट्टीच ठेवली नाही, म्हणजे थंडीत कोणी प्रेमानंही बंद करणार नाही. जाळ्यांची जागा सायलेन्सरपासून लांब. सिलिंडर आतून बाहेरच्या पेटीत गेला. ती पेटी आतल्या बाजूनं पूर्ण बंद आणि तळाला बाहेर उघडणारी भोकं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. घरगुती लाल सिलिंडर धंद्याला चालत नाही, तो बदलला. मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म उशीच्या उंचीवर, गॅस गळतीचा अलार्म जमिनीलगत. दोन्ही वेगळे, एकाचं काम दुसरा करत नाही. हीटरचा पॅड बदलून, जेट आणि दाब जाणकाराकडून तपासून घेतला. आणि नियम केला, की हीटर मामा स्वतः लावणार, जेवणाच्या वेळी तासभर, सगळे जागे असताना. झोपायच्या आधी सिलिंडरवरूनच बंद. रात्रीसाठी माण तालुक्यातली घोंगडी, गरम पाण्याच्या पिशव्या आणि जिथे लाइट मिळेल तिथे तेलाचा इलेक्ट्रिक हीटर.

नाताळला ते पुण्याचं कुटुंब आलं, दोन रात्री राहिलं आणि गेलं. त्या मोठ्या मुलानं मामांना विचारलं म्हणे, "अंकल, ही जाळी बंद का होत नाही?" मामांनी त्याला प्रोपेनचं समीकरण सोडून सगळं समजावून सांगितलं. घोंगडीची तक्रार मात्र आली, टोचते म्हणून.

आता आपल्याकडे वळू. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना कॅराव्हॅन, ना हीटर. बाहेर रूम करून राहणाऱ्यांनो आणि क्वार्टर्समधल्या सर-मॅडमनो, तुमच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का? मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर साधारण १२ किलोवॅट गॅस खातो. मामांच्या हीटरच्या आठपट! आणि बाथरूम गाडीच्या निम्म्यापेक्षा लहान. दार आणि झरोका पूर्ण बंद धरून मी तोच हिशोब केला. ऑक्सिजन १८ टक्क्यांवर यायला तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. म्हणून गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा. आत असेलच तर बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, दार उघडून हवा बदलू द्यायची आणि मग अंघोळ. थंडीच्या दिवसांत खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणारे वॉचमन मामा तुमच्या सोसायटीत असतील, तर त्यांनाही सांगा. निखारे धूर देत नाहीत, तेव्हाही मोनॉक्साइड देत असतात.

आणि कोणाला बाथरूममध्ये चक्कर आली, एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, तर 'पित्त झालं असेल' म्हणायच्या आधी त्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा. दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. आत पडलेल्याला काढताना आपला श्वासही तीच हवा घेणार आहे, हे विसरू नका. आधी दार सताड उघडा, कोणाला तरी हाक मारा.

जाता जाता एक काम देते, जर्नल लिहिण्यापेक्षा सोपं आहे. या रविवारी आपल्या बाथरूमचा वरचा झरोका बघा. गार वारा येतो म्हणून डिसेंबरमध्ये कोणीतरी त्यात वर्तमानपत्र कोंबलेलं असेल. तो बोळा तेवढा काढून टाका.